पिकाचा स्वतःचा पहारा आणि आपल्या संघाचा ठराव

आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढें एक ठराव येणार आहे, तो सभासदांच्या कानांवर आलाच असेल. राखीव निधींतून पैसे काढून भाताच्या करप्यावर फवारण्याची जंतुनाशक पूड आणि ‘पिकाची प्रतिकारशक्ति वाढविणारें’ म्हणून विकलें जाणारें एक द्रावण ठोक भावानें घ्यावें व तें सभासदांस वांटावें, असा त्या ठरावाचा आशय आहे. ठराव मांडणारे गृहस्थ माझे स्नेही आहेत आणि त्यांचा हेतु शुद्ध आहे, याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. तथापि हा ठराव पास होऊं नये असें माझें मत आहे. आणि नुसतें ‘नको’ म्हणून स्वस्थ बसणें योग्य नव्हे, म्हणून त्याचीं कारणें वाचकांपुढें ठेवतों.

माझें शिक्षण मराठी शाळेंत झालें आणि पुढील सारा काळ महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेला. रसायनशास्त्राशीं माझा संबंध कधीं आला नाहीं. परंतु दप्तरांत बसून एक गोष्ट मी शिकलों. कोणताहि कागद कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला, त्यावर कोणाचा शिक्का केव्हां पडला, हें पाहिल्याशिवाय त्यावर शेरा मारूं नये. पेन्शनींत आल्यावर सवड मिळाली तेव्हां भाताच्या या रोगाचें प्रकरण मीं त्याच रीतीनें चाळलें. माझा भाचा शेतकी पदवीधर आहे. त्यानें शास्त्रीय लेख वाचून ते मला मराठींत समजावून सांगितले. जेथें माझी समजूत पुरेना तेथें मीं त्याला तीनतीनदां विचारलें. जें मला निःसंशय समजलें तेवढेंच येथें लिहीत आहें.

हा खटाटोप मीं का केला तेंहि सांगतों. दोन वर्षांपूर्वीं माझ्या ओढ्याकाठच्या खाचरांत भात पोटरींत येण्याच्या सुमारास पानांच्या कडा शेंड्याकडून पिवळ्या पडत खालीं उतरूं लागल्या. पिवळ्या भागाची रेघ सरळ नव्हती, लाटेसारखी वांकडीतिकडी होती. दोन पानें घेऊन मी एका दुकानांत गेलों. दुकानदारानें पान हातांत न घेतांच सांगितलें कीं, पिकाला अन्न कमी पडलें आहे, युरिया टाका आणि जोडीला ही पूड फवारा. मीं दोन्हीं केलें. पुढच्या पंधरवड्यांत खाचर हिरवें होण्याऐवजीं वाळत घातलेल्या पेंढ्यासारखें दिसूं लागलें, आणि कापणीनंतर घरीं आलें त्यांत पोचट दाणेच फार होते. पैसेवारीच्या तक्त्यांत दुसऱ्यांच्या नुकसानीचे आंकडे लिहिण्यांत माझें आयुष्य गेलें. त्या वर्षीं स्वतःच्या शेताचा आंकडा वहींत मांडतांना मात्र हात जड झाला. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग? मीं स्वतः पान नीट पाहिलें नव्हतें.

हा रोग आपल्याला परका नाहीं. जपानांतील फुकुओका प्रांतांत तो १८८४ सालीं शेतकऱ्यांच्या नजरेस आला. भारतांत तो प्रथम आढळला तो आपल्याच कुलाबा जिल्ह्यांत, १९५१ सालीं. याच जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणतात. पुढें १९६३ सालीं बिहारांत त्याची मोठी सांथ आली आणि मग सर्व भातपट्ट्यांत त्याचें नांव झालें. तो उत्पन्न करणाऱ्या जंतूला झॅन्थोमोनास ओरायझी म्हणतात. बुरशीचा करपा वेगळा आणि हा वेगळा, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. पानाच्या कडेला पाणी झिरपण्याचीं जीं सूक्ष्म छिद्रें असतात तेथून, किंवा लावणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडल्यानें अथवा वादळांत पानें एकमेकांवर घासल्यानें झालेल्या जखमांतून हा जंतु आंत शिरतो; आणि ज्या नळ्यांतून झाड पाणी वर नेतें त्या नळ्यांतच ठाण मांडतो. सकाळच्या वेळीं रोगट कडांवर पिवळसर चिकट थेंब दिसतात. ते जंतूंचेच पुंजके होत. ते पाण्यांत पडले म्हणजे बांधावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या खाचरांत जातात.

ओळखण्याची परीक्षा अगदीं सोपी आहे. पानाचा हिरवा व पिवळा भाग जेथें मिळतो तेथला लहान तुकडा कात्रीनें कापावा आणि स्वच्छ पाण्याच्या कांचेच्या पेल्यांत धरावा. थोड्या मिनिटांत कापलेल्या टोकांतून दुधट धुरासारखी धार उतरतांना दिसली, तर रोग जंतूंचा आहे असें समजावें. अन्न कमी पडून पिवळ्या झालेल्या पानांतून असें कांहीं निघत नाहीं. ही परीक्षा मला त्या वर्षीं ठाऊक असती तर युरियाचें पोतें मीं सोडलेंच नसतें. कारण नत्र जास्त झालें म्हणजे हा रोग अधिक बळावतो, हें भातपिकाच्या जाणत्या लोकांनीं पुनःपुन्हां सांगितलें आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. आपली समजूत अशी असते कीं, झाड म्हणजे निमूट उभें राहणारी वस्तु. शत्रु आला कीं तें मरावयाचें, आणि त्याला वांचवावयाचें तें आपण, बाहेरून औषध मारून. ही समजूत खरी नाहीं. जनावराच्या अंगांत रोगजंतूंचा पाठलाग करणाऱ्या पेशी रक्ताबरोबर फिरत असतात. झाडाला रक्त नाहीं आणि फिरते शिपाईहि नाहींत. म्हणून त्याच्या प्रत्येक पेशीला स्वतःच्या दारावर स्वतःच पहारा ठेवावा लागतो, आणि तो ती ठेवते. असा पहारा नसता तर हवेंत, पाण्यांत व मातींत असलेल्या असंख्य जंतूंपुढें एकहि हिरवें पान उरलें नसतें. रोग हा नियम नसून अपवाद आहे. आपल्या डोळ्यांना अपवाद तेवढा दिसतो, इतकेंच.

या पहाऱ्याचा कारभार कसा चालतो तें मला समजलें तेव्हां मला माझी कचेरीच आठवली. पेशींत हजारों प्रकारचीं प्रथिनें असतात, आणि त्यांतील पुष्कळ नुसतीं तयार असून भागत नाहीं. त्यांच्यावर ठराविक जागीं फॉस्फेटचा एक कण चिकटला म्हणजे तीं कामाला लागतात. कांहीं त्यामुळें कामावरून थांबतात. हा कण चिकटविणाऱ्या प्रथिनाला कायनेज म्हणतात, आणि तो काढून घेणाऱ्याला फॉस्फेटेज. कागद कितीहि चांगला लिहिलेला असो, सहीशिक्का झाल्याशिवाय त्यावर अंमल होत नाहीं; तसाच हा प्रकार आहे. कायनेज म्हणजे शिक्का मारणारा कारकून. एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज या दोघां शास्त्रज्ञांनीं १९५५ च्या सुमारास सशाच्या स्नायूंत ही शिक्क्याची युक्ति शोधून काढली, आणि त्याबद्दल त्यांना १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या शरीरांत असले कारकून पांचशेंच्या आसपास जातींचे आहेत. भाताच्या रोपांत त्यांची संख्या हजाराच्या पुष्कळ वर जाते. ज्याला जागा सोडून पळतां येत नाहीं, त्याला दारावर चौकश्या अधिक ठेवाव्या लागतात, हेंच यावरून दिसतें.

या शिक्क्याचें फॉस्फेट ज्यापासून होतें तें स्फुरद झाड जमिनींतूनच घेतें. म्हणून स्फुरदाचें खत जास्त टाकल्यानें शिक्के जास्त पडतील असें मात्र कोणीं समजूं नये. शाई पुष्कळ असली म्हणून कचेरींतलें काम लवकर उरकत नाहीं.

मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस नांवाच्या एका लहानशा रानरोपावर या विषयाचा सर्वांत अधिक शोध झाला आहे. त्याच्या पेशीच्या आवरणांत पहारेकरी प्रथिनें बसविलेलीं असतात. त्यांचें तोंड बाहेर असतें आणि शिक्का मारणारा हात आंत. जंतूला पोहण्यासाठीं एक शेपूट असतें. त्या शेपटाच्या प्रथिनाचा एक लहानसा तुकडा ओळखणाऱ्या पहारेकऱ्याचें नांव एफएलएस-२ असें आहे, आणि त्याचें जनुक २००० सालीं सांपडलें. शेपटाचा तुकडा हाताला लागतांच हा पहारेकरी कांहीं सेकंदांत बाक-१ नांवाच्या दुसऱ्या कायनेजाला जवळ ओढतो. दोघे एकमेकांवर शिक्के मारतात, आणि त्यांच्यापाशीं उभ्या असलेल्या बिक-१ या तिसऱ्या कायनेजावरहि मारतात. बिक-१ सुटा होऊन आंतल्या कामाला लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करविणाऱ्या प्रथिनावर तो शिक्का मारतो, तेव्हां थोड्याच मिनिटांत पेशीच्या बाहेर तें जळजळीत द्रव्य पसरूं लागतें. तो चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या दारांवरहि शिक्का मारतो, आणि त्यामुळें पानाचीं श्वास घेण्याचीं रंध्रें मिटण्यास साहाय्य होतें. जंतूंची चाहूल लागली कीं पान आपलीं रंध्रें मिटून घेतें, ही गोष्ट २००६ सालीं प्रयोगानें सिद्ध झाली. गांवांत चोर शिरल्याची हूल उठतांच आपण दारें लावून घेतों तसेंच हें. भाताचा हा जंतु रंध्रांऐवजीं कडेच्या पाणछिद्रांतून शिरतो खरा. परंतु पहाऱ्याची रीत भातांतहि याच जातीची आहे.

याच वेळीं दुसरा एक कागद वर जाऊं लागतो. एक कायनेज दुसऱ्यावर शिक्का मारतें, दुसरें तिसऱ्यावर. तलाठ्यानें सर्कलला आणि सर्कलनें मामलेदाराला कळवावें तशी ही तीन पायऱ्यांची सांखळी आहे. अरॅबिडॉप्सिसांतील अशी सांखळी २००२ सालीं मांडून दाखविण्यांत आली. तिसऱ्या पायरीचा शिक्का पडला म्हणजे पेशीच्या गाभ्यांतील, म्हणजे मुख्य दप्तरांतील, संरक्षणाचीं कलमें उघडतात आणि भिंत जाड करण्याचें व विषारी द्रव्यें करण्याचें काम सुरू होतें. हें सर्व आपण शेतावर जाऊन पान पाहण्याच्या कितीतरी आधीं होऊन गेलेलें असतें.

मग रोग होतो तरी कां? कारण जंतुहि स्वस्थ बसत नाहीं. सुईसारख्या एका नळीनें तो आपलीं प्रथिनें झाडाच्या पेशींत टोंचतो, आणि त्यांतील कित्येकांचें काम हेंच कीं, या शिक्क्यांचा कारभार बिघडवावा. कांहीं प्रथिनें दारावरच्या पहारेकऱ्याचा हात धरतात. एक प्रथिन तिसऱ्या पायरीच्या कायनेजावरचा शिक्का अशा रीतीनें उपटून काढतें कीं तेथें पुन्हां शिक्का बसूंच नये. कोबीवर घाण्या रोग आणणारा जंतु तर बिक-१ च्या नेमक्या शिक्क्याच्या जागीं दुसराच खोटा शिक्का मारून ठेवतो, म्हणजे खऱ्याला जागाच उरत नाहीं. हें २०१२ सालीं उघडकीस आलें. दप्तरांत इतकीं वर्षें काढूनहि एवढी सफाईची बनवाबनवी मीं पाहिलेली नाहीं.

झाडानेंहि यावर तोड काढली आहे. रानटी टोमॅटोच्या एका जातींत टो नांवाचें, म्हणजे मूळ उच्चारीं पीटीओ नांवाचें, एक कायनेज असतें. त्याचें जनुक १९९३ सालीं सांपडलें. जंतूचें प्रथिन पहारेकऱ्याला धरावयास येतें आणि याला धरून बसतें. शेजारीं बसलेलें दुसरें प्रथिन तें पाहून ओरड करतें, आणि ती पेशी स्वतःच मरून जंतूला तेथेंच कोंडते. हें कायनेज म्हणजे मुद्दाम ठेवलेलें आमिष होय, असें पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. या संबंधांत एक गोष्ट ऐकून मी दचकलों. याच कायनेजाचा एक जुळा भाऊ त्याच टोमॅटोंत असतो. फेन्थिऑन नांवाचें कीटकनाशक फवारलें तर हा भाऊ जंतु नसतांहि ओरड सुरू करतो आणि पानांवर मेलेल्या पेशींचे ठिपके पडतात. बाहेरून मारलेलें औषध पिकाच्या आंतल्या पहाऱ्याच्या कारभारांत कसा हात घालतें, याचा यापेक्षां उघड दाखला कोणता हवा? आपण फवारतों तें केवळ शत्रूवर पडतें, ही कल्पना सोडून दिली पाहिजे.

आतां भाताविषयीं. आफ्रिकेंतील माली देशांत एक रानटी भात उगवतें. त्याचे दाणे गळून जातात आणि शेतकरी तें तण म्हणून उपटून टाकतो. त्या भातांत करप्याला दाद न देण्याचा गुण आढळला. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंत गुरुदेव खुश व त्यांचे सहकारी यांनीं तो गुण संकरानें लागवडीच्या भातांत आणला, आणि १९९५ सालीं कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथें पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेनें त्याचें जनुक वेगळें काढलें. त्याला एक्सए-२१ म्हणतात. तें काय निघालें? दारावरचा शिक्का मारणारा एक पहारेकरी कायनेज! जंतूच्या कोणत्या खुणेवरून तो त्याला ओळखतो हें २०१५ सालीं कळलें. त्याचा शिक्का उतरवून त्याला शांत करणारें फॉस्फेटेजहि सांपडलें आहे. ज्याला आपण कवडीमोल तण समजलों त्याच्या दाराशीं इतका हुशार कारकून बसला होता. आपल्याकडे पाणथळींत उगवणारें देवभात ऋषिपंचमीला आपल्या घरांतील बायका शोधून आणतात. एरवीं आपण त्याला पायांखालीं तुडवितों. त्याच्या कुळांतील रानभातांतूनहि या रोगाशीं झुंजणारीं जनुकें मिळालीं आहेत. आपल्या तळ्यांच्या कांठावरचें देवभात भराव घालून संपवितांना हें आठवावें.

एवढें झाल्यावर प्रस्तुत ठरावाकडे येतों.

पहिली गोष्ट जंतुनाशक पुडीची. तींत स्ट्रेप्टोमायसीन आणि टेट्रासायक्लीन असतें, हीं दोन्हीं मनुष्याचीं औषधें आहेत. स्ट्रेप्टोमायसीन क्षयावर देतात. नळ्यांच्या आंत बसलेल्या जंतूपर्यंत वरून मारलेला फवारा पुरतेपणीं पोंचत नाहीं, आणि थोडथोडें औषध खाऊन जे जंतु उरतात ते त्याला भीत नाहींसे होतात. शेतांत निर्ढावलेल्या जंतूंचा हा गुण पुढें मनुष्याच्या रोगजंतूंपर्यंत पोंचण्याची धास्ती वैद्यकांतील लोक बाळगतात, आणि ती निराधार नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें केंद्र सरकारच्या कृषि मंत्रालयानें शेतींतील हा वापर बंद करण्याच्या हेतूनें अधिसूचना काढली. ज्या वस्तूला सरकार दार दाखवूं पाहत आहे ती संघानें कोठारांत भरून ठेवणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरी गोष्ट ‘प्रतिकारशक्ति वाढविणाऱ्या’ द्रावणाची. पिकाचा पहारा आधींच जागा करणारीं द्रव्यें जगांत मुळींच नाहींत, असें मी म्हणत नाहीं. ॲसिबेन्झोलार या नांवाचें तसें एक द्रव्य आहे आणि कांहीं पिकांत त्याचा उपयोग होतो. परंतु त्याचें नांव आहे, प्रमाण आहे, प्रयोग आहेत. जी बाटली आपल्यापुढें आली आहे तिच्यावर आंत काय आहे व किती आहे हें लिहिलेलेंच नाहीं. मीं ती हातांत घेऊन पाहिली आहे. आणि क्षणभर धरून चला कीं, ती खरोखरच पहारा जागा करते. तरी तो बारा महिने जागा ठेवणें हिताचें आहे काय? रात्रंदिवस सारा गांव पहाऱ्यावर उभा राहिला तर नांगर कोणीं धरावा? ज्या रोपांत ही शिक्क्यांची सांखळी सदैव चालू राहते तीं खुजीं राहतात. रोग नसतांना असें द्रव्य दिल्यावर पिकाची वाढ कमी झाल्याचें गव्हावरील प्रयोगांत दिसून आलें आहे. आणखी एक मौज पहा: वर सांगितलेला बाक-१ हा पहाऱ्याच्या टेबलावर बसतो तसाच वाढीच्या टेबलावरहि बसतो, प्रथम तो वाढीच्या कामावर असतांनाच शास्त्रज्ञांस सांपडला होता. अशा घरांत बाहेरच्या माणसानें अंदाजानें हात घालूं नये. म्हणूनच झाडानें शिक्का मारणाराहि ठेवला आहे आणि उतरविणाराहि.

मग करावें काय? सर्वांत स्वस्त व टिकाऊ उपाय हा कीं, ज्याच्या दाराशीं चांगला पहारेकरी आहे असें बियाणें वापरावें. हैदराबाद येथील भात संशोधन संचालनालय आणि पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र या दोन संस्थांनीं मिळून सांबा मसुरी या नामांकित भातांत एक्सए-२१ सहित तीन जनुकें संकरानें व खुणा पाहून निवड करण्याच्या रीतीनें आणलीं, आणि ती सुधारलेली जात २००८ सालीं प्रसृत झाली. तीन कां, एक कां नव्हे, याचेंहि कारण समजून घ्यावें. एकाच पहारेकऱ्यावर सारा प्रांत विसंबला कीं त्याची नजर चुकविणारा जंतु तेवढा उरतो व माजतो. फिलिपाईन्समध्यें एकाच जनुकाचीं भातें जिकडेतिकडे पेरलीं गेल्यावर असेंच घडलें. भारतांतहि एकट्या एक्सए-२१ ला न जुमानणारे जंतु आढळले आहेत. तीन दारांना तीन वेगळालीं कुलपें असलीं म्हणजे चोराचें काम फार अवघड होतें.

यावर दोन आक्षेप येतील. सांबा मसुरी ही लांब मुदतीची जात; आपल्या वरकस व हलव्या खाचरांना ती सोसणार नाहीं, असें कोणी म्हणेल. हें खरें आहे. म्हणूनच माझें म्हणणें असें नाहीं कीं, उद्यां सर्वांनीं तीच पेरावी. आपल्या मुदतीच्या व आपल्या तोंडाला रुचणाऱ्या जातींत हीं जनुकें आणून द्या, अशी लेखी मागणी संघानें दापोलीच्या कृषि विद्यापीठाकडे व कर्जतच्या भात संशोधन केंद्राकडे करावी. पन्नास शेतकरी पन्नास वेळां तोंडीं बोलले तर त्याची नोंद होत नाहीं; एका संघाचा ठराव जावक क्रमांक घालून गेला तर त्याला उत्तर द्यावें लागतें. हा माझ्या नोकरीचा अनुभव आहे. दुसरा आक्षेप असा कीं, बियाणें मिळेतोंपर्यंत यंदाचें पीक मरूं द्यावें काय? नाहीं. परंतु यंदाचें पीक वांचविणाऱ्या गोष्टी बाटलींत नाहींत. लावणीच्या वेळीं रोपांचे शेंडे खुडूं नयेत. नत्र एकदम न देतां हप्त्याहप्त्यानें आणि बेतानें द्यावें. रोगट खाचराचें पाणी निरोगी खाचरांत सोडूं नये. रोगट शेताचें बियाणें ठेवूं नये. रोप लहान असतांना एक्सए-२१ चा पहाराहि कच्चा असतो आणि वाढत्या वयाबरोबर तो पक्का होतो. म्हणून चांगलें बियाणें आलें तरी रोपवाटिकेची काळजी सुटत नाहीं.

सबब मूळ ठरावाऐवजीं मी पुढील सूचना मांडणार आहें. राखीव निधींतून बाटल्या व पुड्या घेऊं नयेत. त्या रकमेच्या एका लहानशा भागांत पांच सभासदांच्या शेतांवर प्रत्येकीं दहा गुंठ्यांचा तुकडा राखावा; त्यांत अर्ध्या भागीं आपलें नेहमींचें भात व अर्ध्या भागीं प्रतिकारक जात लावावी, आणि दोन्हींचें उत्पन्न वजन करून याच मासिकांत छापावें. माझें ओढ्याकाठचें खाचर त्यासाठीं मी विनामूल्य देतों. रोग तेथें येतो हें सर्वांना ठाऊकच आहे. प्रत्येक वाडींत पेल्याची परीक्षा दाखविणारा एक तरुण तयार करावा, आणि ती परीक्षा केल्याशिवाय कोणीं करप्यावर औषध विकत घेऊं नये. तिसरें, वर सांगितलेली लेखी मागणी याच सभेंत मंजूर करून पाठवावी.

माझे स्नेही म्हणतात कीं, शेतकऱ्याला धीर द्यावयास हातांत कांहीं तरी द्यावें लागतें. तें मला समजतें. वाळणाऱ्या खाचराच्या बांधावर रिकाम्या हातानें उभें राहणें किती कठीण असतें हें मीं अनुभवलें आहे, आणि त्याच अधीरपणांत मीं युरियाचें पोतें फोडलें. परंतु त्या वेळीं माझ्या पिकाच्या प्रत्येक पानांत शत्रूशीं झुंज चालू होती, आणि मीं अज्ञानानें शत्रूला रसद पोंचविली. ती चूक मी एकट्यानें केली म्हणून एका खाचरावर निभावलें. संघानें ठराव करून ती केली तर तिची किंमत साऱ्या शिवाराला द्यावी लागेल. सभासदांनीं हात वर करण्यापूर्वीं याचा विचार करावा, एवढीच विनंति आहे.

— एक पेन्शनर सभासद